तेराव्या होलनंतर खेळ का घसरतो: दम की मन?

एका हौशी गोल्फ खेळाडूचा प्रश्न थोडक्यात असा: हँडिकॅप १२ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, पारपेक्षा, साधारण १२ फटके जास्त), वय चाळिशीतलं, नोकरी सांभाळून आठवड्यातून एकदा खेळणं. मित्रांबरोबर ८४-८५ फटक्यांत अठरा होलचा राउंड संपतो, स्पर्धेत मात्र ९४-९५ होतात. पहिले बारा होल बरे जातात आणि मग दोन-तीन होलमध्ये सगळं हातचं जातं. हा दम कमी पडण्याचा प्रश्न आहे की मन कच्चं असण्याचा?

स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या हौशी खेळाडूंबरोबर मी बरीच वर्षं काम करतोय, स्वतःही हौशी म्हणूनच खेळत आलोय. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्नच नाहीत. गोल्फमध्ये शरीर थकलं की ते आधी स्विंगमध्ये दिसत नाही, निर्णयांत दिसतं. तेराव्या होलवर पाय चालत असतात, चेंडूही बऱ्यापैकी लागत असतो. पण चेंडू झाडांमागे गेल्यावर तो आडवा फेअरवेवर, म्हणजे मधल्या मोकळ्या गवतावर, काढायचा की फांद्यांच्या फटीतून ग्रीनकडे, म्हणजे कपाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडे, मारायचा, हे ठरवणारं डोकं तोवर शिणलेलं असतं. तुम्ही ज्याला ‘मन कच्चं’ म्हणता त्यातला मोठा भाग झोप, पाणी, पाय आणि कंबर यांचा असतो. आणि ज्याला ‘दम’ म्हणता त्यातला मोठा भाग चार तास विनाकारण ताणून धरलेल्या लक्षाचा असतो.

आधी आकडे तपासू, कारण अर्धी निराशा तिथूनच येते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० राउंडपैकी सर्वांत चांगल्या ८ राउंडची सरासरी धरतात. शिवाय एखाद्या होलवर फार फटके गेले तर हँडिकॅपच्या हिशोबात ते नेट डबल बोगीवर (पारपेक्षा दोन जास्त, शिवाय त्या होलवर हँडिकॅपने मिळणारी सूट; एक जास्त म्हणजे बोगी) थांबवले जातात. म्हणजे तुमचं १२ हे तुमच्या नेहमीच्या खेळाचं नाही, चांगल्या खेळाचं माप आहे. बहुतेक राउंड त्याहून वरच जाणार. त्यात मित्रांमध्ये दोन फुटांचा पट (ग्रीनवरून कपात ढकलायचा फटका) ‘राहू दे’ म्हणून उचलला जातो आणि झुडपात गेलेला चेंडू ‘इथेच असेल’ म्हणून तिथेच टाकला जातो. स्पर्धेत शोधायला ३ मिनिटं मिळतात. तेवढ्यात सापडला नाही तर एक फटका दंड घेऊन, आधी जिथून मारला तिथूनच पुन्हा. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, चेंडू कपात पडेपर्यंत होल संपत नाही. तो तसाच उचलून पुढच्या टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलात तर थेट बाद. तुमच्या दहा फटक्यांच्या फरकातले चार-पाच इथेच निघतात. बोलायचं ते उरलेल्या पाच-सहांबद्दल.

चालत खेळलं तर १८ होलमध्ये ८ ते १० किलोमीटर होतात, तेही चढउताराच्या जमिनीवर, वाळूत, ओल्या गवतात. भरलेली बॅग सहज दहा-बारा किलोची असते. स्पर्धेत गट पूर्ण भरलेले असतात, प्रत्येक पट संपवावा लागतो, त्यामुळे साडेचार-पाच तास लागतात. त्याच्या आधीचा तासभर वॉर्मअप आणि वाट पाहणं वेगळं. पूर्ण ताकदीचे स्विंग ३५-४० होतात, पण प्रत्येक फटक्याआधी दोन-दोन सरावाचे स्विंग करणारा माणूस संध्याकाळपर्यंत शंभराच्या पुढे जातो. सगळे एकाच दिशेने, त्याच कंबरेवर. सरावाचा स्विंग एकच करा. एवढ्या एका बदलाने शेवटच्या तासात बरंच काही वाचतं, असं मी वारंवार पाहिलंय.

थकवा ओळखायची खूण नेमकी असते. पंधराव्या-सोळाव्या होलवर चेंडूआधी जमिनीला क्लब लागायला लागला, किंवा चेंडू वरच्या अंगाला लागून खालून सरपटत गेला, तर स्विंगचं तंत्र तपासत बसू नका. मांड्या दमल्यात. गुडघ्यांतला वाक टिकत नाही, खेळाडू फटक्याच्या ऐन वेळी उभा होतो आणि पायांचं काम हात करू लागतात. उपाय साधा आहे: शेवटच्या पाच होलवर एक क्लब जास्त घ्या आणि तीन चतुर्थांश स्विंग करा. नेहमी ७ नंबरच्या आयर्नने जाणारं अंतर असेल तर ६ काढा; नंबर कमी तसा चेंडू लांब जातो. अपवाद एकच. सामना अटीतटीचा असेल, छाती धडधडत असेल, तर छोट्या आयर्नचा फटका उलट नेहमीपेक्षा लांब जातो. ग्रीनच्या मागे पाणी किंवा दाट रफ (वाढलेलं गवत) असेल तर अशा वेळी क्लब वाढवू नका. आपण आत्ता थकलेले आहोत की भरात आहोत, हे ओळखणं सरावानेच येतं.

स्पर्धेचा ताण शरीरातून वसूल होतो हे फक्त आपल्यासारख्यांचं दुखणं नाही. बॉबी जोन्स जन्मभर हौशी राहिले, पेशाने वकील होते, आणि १९३० मध्ये एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून वयाच्या २८ व्या वर्षी त्यांनी स्पर्धात्मक गोल्फ सोडलं. मोठ्या स्पर्धांच्या आठवड्यात त्यांचं वजन कित्येक पौंडांनी उतरत असे. इतक्या सहज स्विंगच्या माणसाची ही गत होती. तेव्हा चौदाव्या टीवर तुमचे हात थरथरले तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

पाणी आणि खाणं यावर फार लिहीत नाही. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास पाणी घामातून गेलं की लक्ष आणि अंदाज ढिले पडू लागतात. तहान लागायची वाट न बघता दर होलला दोन-चार घोट घ्या. खाणं थोडं थोडं, तीन-चार होलनंतर एकदा. नवव्या होलनंतर भरपेट जेवण म्हणजे अकराव्या होलवर जांभई. तुमची घसरण तेराव्यापासून सुरू होते, म्हणून बदल दहाव्यापासून करा. बाराव्यावर भूक जाणवली तर उशीर झालेला असतो.

व्यायामाबद्दल माझं मत जरा एककल्ली वाटेल: नोकरी करणाऱ्या हौशी खेळाडूला जिममध्ये गोल्फच्या स्विंगची नक्कल करायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा मांड्या, नितंब आणि पाठ यांना वजनाचा व्यायाम, एका पायावर तोल, खुब्यांची आणि छातीच्या मणक्याची हालचाल मोकळी ठेवणं, आणि एक दिवस बॅग पाठीवर घेऊन चढाच्या रस्त्यावर चालणं. बस. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे खुबे आखडतात, मग वळण्याचं सगळं काम कंबरेवर पडतं. हौशी खेळाडूंत कंबर सर्वांत जास्त दुखते ती बरीचशी यामुळे. कोपराचा नंबर त्यानंतर. तो दुखायला लागला की आधी ग्रिप किती घट्ट धरता ते बघा आणि कडक मॅटवरचा सराव कमी करा. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर व्यायाम बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. खेळाआधी ताणून धरून ठेवायचं स्ट्रेचिंगही नको, त्याने स्नायूंचा जोर तात्पुरता कमी होतो. हातपाय हलवत, वळत, हळूहळू वेग वाढवत दहा मिनिटं अंग गरम करा, मग वेज या कमी अंतराच्या क्लबपासून सुरुवात करून ड्रायव्हर या सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबपर्यंत या.

आता मुख्य गोष्ट. एक स्विंग सव्वा-दीड सेकंदाचा. ८५ फटके धरले तर प्रत्यक्ष खेळ झाला दोन मिनिटांचा. बाकीचे जवळजवळ साडेचार-पाच तास तुम्ही चालता, उभे राहता, वाट बघता आणि विचार करता. बहुतेक जण हे सगळे तास लक्ष एकवटून ठेवायचा प्रयत्न करतात आणि त्यातच संपतात. लक्ष इतका वेळ ताणून धरता येत नाही. ते दर फटक्याला लावायचं असतं आणि फटका झाला की सोडायचं असतं. सोडणं हेच कठीण, आणि स्पर्धेचा खरा सराव त्याचाच आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी बॅगेपासून चेंडूपर्यंतची आखणी करून देतो. बॅगेजवळ पोहोचेपर्यंत फटक्याचा विचार करायचा नाही. आकाश बघा, झाडं बघा, जोडीदाराशी बोला. बॅगेला हात लागला की काम सुरू: अंतर, वारा, चेंडू कसा पडलाय, कुठे चुकलं तर चालेल आणि कुठे अजिबात चालणार नाही. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. क्लब बाहेर काढला की निर्णय संपला. चेंडूमागे उभं राहून लक्ष्य, एक लांब श्वास बाहेर, एक सरावाचा स्विंग, पवित्रा, पुन्हा एकदा लक्ष्याकडे नजर, आणि फटका. पवित्र्यात शंका आली तर मागे या, क्लब बॅगेत टाका, पहिल्यापासून सुरू करा. नियमांत एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नयेत अशी शिफारस आहे आणि ही सगळी आखणी त्यात आरामात बसते. फटका झाल्यावर चेंडू थांबेपर्यंत बघा, वाटलं तर चिडा, पण क्लब बॅगेत गेला की तो फटकाही गेला. ही बॅगेची खूण मुद्दाम ठेवलीय, कारण थकलेल्या डोक्याला ‘विसरून जा’ असं सांगून उपयोग होत नाही. त्याला हाताने करायचं काहीतरी द्यावं लागतं.

दडपणात आणखी एक गोष्ट घडते. एरवी आपोआप होणारी हालचाल आपण तुकड्यातुकड्याने सांभाळायला जातो: डावा हात सरळ, कोपर आत, डोकं खाली. जे अंगवळणी पडलेलं असतं ते निगराणीखाली अडखळतं. खाली येणारा स्विंग पाव सेकंदाचा असतो आणि तेवढ्या वेळात कोणतीही सूचना पाळता येत नाही. स्पर्धेच्या दिवशी एकच विचार ठेवा, तोही शक्यतो शरीराबाहेरचा: चेंडू कुठून उडावा, कुठे पडावा. तांत्रिक दुरुस्ती स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सुरूच करू नका, शिक्षकाने सुचवली तरी.

पहिल्या टीचं दडपण वेगळं आणि सोपं आहे. तिथे ग्रिप आवळली जाते, श्वास वर अडकतो आणि स्विंगची लय घाईची होते. ड्रायव्हरवर भरवसा नसेल तर जो क्लब डोळे झाकून फेअरवेवर जातो तो घ्या. २० मीटर कमी गेल्याने काही बिघडत नाही. दोन होल झाले की हे दडपण विरतं. तेराव्यानंतरचं दडपण मात्र वाढतच जातं, कारण तोवर हातात एक आकडा आलेला असतो. ‘उरलेले होल बोगीने खेळलो तरी ८४.’ ही बेरीज सुरू झाली की समजा, लक्ष या फटक्यावरून उठून क्लबहाउसमध्ये जाऊन बसलं. स्ट्रोक प्लेमध्ये कार्डावर आकडे लिहा, बेरीज करू नका. जोडीदार करून सांगायला लागला तर नम्रपणे थांबवा.

आणि ते दोन-तीन होल जिथे सगळं जातं, ते जवळजवळ नेहमी एकाच फटक्याने जातात: वाईट फटक्याची लगेच भरपाई करायला गेलेल्या फटक्याने. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टीला शेवटच्या होलवर फ्रान्सच्या जाँ व्हान द वेल्देकडे तीन फटक्यांची आघाडी होती, डबल बोगीनेही जिंकला असता. टीवरून ड्रायव्हर उजवीकडे गेला तरी नशिबाने चेंडू बरा पडला होता. तिथून छोट्या क्लबने पुढे सरकण्याऐवजी त्याने २ नंबरचं आयर्न घेतलं. चेंडू प्रेक्षकांच्या गॅलरीवर आपटून मागे दाट रफमध्ये, तिथून ओढ्यात, मग बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), आणि शेवटी ७ फटके. बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. इतक्या वरच्या पातळीवरच्या खेळाडूचा चौथ्या दिवशी, शेवटच्या होलवर असा निर्णय होऊ शकतो, तर आपण आपल्या निर्णयावर ऐन वेळी विसंबून राहूच नये. नियम आधीच ठरवून ठेवा. माझा असा आहे: अडचणीतून बाहेर पडायला दहापैकी आठ वेळा जमेल तोच फटका. बोगी चालेल, डबल बोगीही चालेल. तेराव्यानंतर या नियमावर पुनर्विचार नाही.

चिडण्यावर उतारा म्हणून एक आकडा लक्षात ठेवा. जगातले सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू ८ फुटांवरचे पट साधारण निम्मेच घालतात. तुमचा ८ फुटांचा पट हुकला तर काहीही वावगं घडलेलं नाही. तीन फुटांचा हुकला तर वाईट वाटणं रास्त आहे, पण त्याचा राग पुढच्या टीवर ड्रायव्हरमधून काढू नका.

वाट पाहण्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पार-३ च्या (तीन फटक्यांच्या छोट्या होलच्या) टीवर दोन गट आधीच उभे, पंधरा मिनिटं जाणार. लोक बाकावर बसतात, फोन काढतात, अंग थंड होतं. बसू नका. सावलीत उभे राहा, थोडं खा, पाणी प्या, कंबर-खांदे फिरवत राहा आणि पुढचा गट ग्रीनवरून निघाल्यावरच क्लबचा विचार करा. आधीपासून क्लब हातात धरून उभा राहिलेला माणूस तोवर चार वेळा निर्णय बदलून बसलेला असतो.

मॅच प्लेची, म्हणजे दोघांत होलागणिक हार-जीत मोजायच्या प्रकाराची, मागणी निराळी आहे. तिथे एक होल कितीही वाईट गेला तरी एकच होल जातो, पण समोरचा माणूस सतत डोळ्यांपुढे असतो. त्याचा चेंडू आत जाणारच असं धरून चाला, म्हणजे धक्का बसत नाही. १९९६ च्या यूएस अमॅच्युअर या अमेरिकेतल्या हौशी स्पर्धेच्या ३६ होलच्या अंतिम सामन्यात स्टीव्ह स्कॉट तीन होल राहिले असताना दोन होलनी पुढे होता. टायगर वुड्सने स्कॉटच्या पटच्या रेषेतून आपला मार्कर (चेंडूची जागा दाखवणारी खूण) बाजूला सरकवला होता आणि तो मूळ जागी न आणताच तो पट मारणार होता. तसा मारला असता तर होल गेला असता आणि सामना तिथेच संपला असता. स्कॉटने त्याला आठवण करून दिली. वुड्सने तो होल जिंकला आणि पुढे ३८ व्या होलवर सामनाही. स्कॉट हरला, पण दिवसभराच्या दमछाकीनंतरही त्याचं डोकं किती जागेवर होतं ते बघा. स्पर्धात्मक हौशी गोल्फमध्ये मला याहून मोठं काही दिसलेलं नाही.

डोकं जागेवर ठेवायची शेवटची जागा म्हणजे स्कोअरकार्डाचं टेबल. १९६८ च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे विसेन्सो यांच्या मार्करने (त्यांचे फटके कार्डावर लिहिणाऱ्या खेळाडूने) १७ व्या होलवर ३ ऐवजी ४ लिहिले, दे विसेन्सोंनी न तपासता सही केली, ६५ चे ६६ झाले आणि एका फटक्याने प्लेऑफ हुकला. जास्त लिहिलेला आकडा तसाच धरतात, कमी लिहिला तर खेळाडू बाद होतो. बेरीज आयोजक करतात, पण प्रत्येक होलचा आकडा तुमची जबाबदारी आहे. पाच तासांच्या खेळानंतर सही करण्याआधी खाली बसा, पाणी प्या, मार्करबरोबर एकेक होल मोठ्याने वाचा.

सराव बदलल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) एकाच क्लबने पन्नास चेंडू मारणं अंग मोकळं करायला ठीक, स्पर्धेसाठी निरुपयोगी. दर चेंडूला क्लब आणि लक्ष्य बदला, दर वेळी बॅगेपासून सुरुवात करा. पटिंगचा सराव राउंड संपल्यावर, पाय दमलेले असताना करा: चार फुटांवरून सलग दहा, एक हुकला की पुन्हा पहिल्यापासून. नववा आणि दहावा पट कसा जड होतो ते अनुभवा. तो जडपणा स्पर्धेतल्या दडपणाच्या बराच जवळचा आहे. आणि मित्रांबरोबरच्या खेळात महिन्यातून एक राउंड तरी सगळे पट कपात घालून, एकही दुसरा चेंडू न घेता खेळा.

पुढच्या काही महिन्यांत कोणत्या स्पर्धा निवडायच्या तेही ठरवा. तुमच्यासारख्याने आधी स्टेबलफोर्ड, म्हणजे प्रत्येक होलला गुण मिळणारा प्रकार, खेळावा. तिथे बिघडलेल्या होलला शून्य गुण मिळतात आणि चेंडू उचलून पुढे जाता येतं, त्यामुळे एका होलचं ओझं पुढच्यावर येत नाही. त्यात तेरा ते अठरा या सहा होलचे गुण वेगळे मांडा आणि शेजारी प्रत्येक वाया गेलेल्या फटक्यापुढे लिहा की निर्णय चुकला की हात चुकला. हे स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी लिहा, त्याच संध्याकाळी नको. निर्णयाच्या चुका प्रत्येक राउंडला एखाददुसरीवर आल्या की मग स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेला नाव द्या.